सामान्य गणित

"सर, सामान्य गणितवाल्यांना चालतं काय?"

प्रश्न निलोफर मुजावरनं विचारला होता, आणि तो मला नव्हता. एका पॉलिटेक्निकमधून एक प्राध्यापक आमच्या दहावीच्या मुलांना माहिती द्यायला आले होते. दहावीनंतर डिप्लोमा कसा करायचा, शाखा कुठल्या, वर्षं किती, असं तासभर बोलून ते आता कागद आवरत होते. पोरांनी गलका करू नये म्हणून मी दाराशी उभा होतो.

"नाही," ते म्हणाले. "डिप्लोमाला बीजगणित-भूमितीचं गणित लागतं. सामान्य गणित घेऊन पास झालात तर बाकीच्या वाटा आहेत की."

"इलेक्ट्रिकलला पण न्हाई?"

मागच्या बाकावरची दोनतीन पोरं हसली.

"कुठल्याच शाखेला नाही, बाळ."

"मग आता बदलता येतं काय?"

"ते तुमच्या सरांना विचारा," म्हणून त्यांनी माझ्याकडे हात केला. सगळा वर्ग माझ्याकडे वळला. मी म्हणालो, "नंतर बोलू." पाहुण्यांना चहा द्यायचा होता.

ही जुलै २०१२ मधली गोष्ट. मी, बाबासाहेब मगदूम, तेव्हा वाघरवाडीच्या हायस्कुलात गणित शिकवत होतो. दोन्ही गणितं मीच शिकवायचो. त्या काळात नववीला गणिताच्या दोन वाटा फुटायच्या. एक नेहमीची, बीजगणित आणि भूमिती. दुसरी सामान्य गणित; त्यात टक्केवारी, व्याज, क्षेत्रफळ असलं व्यवहारातलं. ज्या मुलांना गणित झेपत नाही ती निदान दहावी तरी पास व्हावीत, म्हणून ती सोय होती. सोय चांगलीच होती. फक्त ती घेतली की पुढं गणिताच्या बाजूची दारं बंद व्हायची, हे वाघरवाडीत फारसं कुणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

आमच्या शाळेचा दहावीचा निकाल कधी सत्तरच्या वर गेला नव्हता. सामान्य गणित आलं आणि दोन वर्षं लागोपाठ शंभर टक्के लागला. स्टँडवर आमचा फलक लागला, त्यावर मुख्याध्यापक शिंत्रे सरांचा फोटो आणि खाली बारीक अक्षरात माझंही नाव. नववीच्या सुरुवातीला शिंत्रे सर मला आठवीचे गुण काढायला सांगायचे. गणितात चाळीसच्या खाली जो असेल त्याचं नाव सामान्य गणितात. निलोफरच्या वर्गातली सतरा नावं मी माझ्या हातानं लिहिली होती. पालकांची संमती घ्यायची असे. ती मी घरोघरी जाऊन घेत असे, कारण बोलावून कुणी शाळेत येत नसे.

चहा झाला, पाहुणे गेले. निलोफर स्टाफरूमच्या दारात उभी होतीच.

"बोल."

"मला गणित बदलायचंय, सर."

"आत्ता? नववीचं सगळं वर्ष गेलं, दहावीचा दीड महिना गेला. तुला समीकरण म्हणजे काय हे माहीत नाही."

"शिकवलं न्हाई म्हणून माहीत न्हाई."

ती उद्धटपणे बोलली नव्हती. उत्तर दिलं होतं, एवढंच.

"इलेक्ट्रिकल कशाला पाहिजे तुला?"

"आमचं मोटरी भरायचं दुकान हाय न्हवं. अब्बाला सगळं हातानं येतं. पण नवीन मोटर आली, तिच्या वेढ्यांचा तक्ता नसला की त्यांचं अडतं. जळालेल्या तारा मोजून तसंच भरतात. मला ते काढता यायला पाहिजे. किती वेढे, कुठली तार. ते गणितानं निघतं म्हणतात."

मी तिला वर्गात जायला सांगितलं. शिंत्रे सरांशी बोलतो, असं म्हणालो. आठ दिवस बोललो नाही.

नवव्या दिवशी माझ्याच विहिरीवरची मोटर जळाली. ती घेऊन दस्तगीर मुजावरच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे स्टँडच्या मागं पत्र्याची एक खोली, वार्निशचा उग्र वास, खिळ्यांवर टांगलेली तांब्याच्या तारेची वेटोळी. निलोफर शाळेच्या गणवेशातच खाली बसून मोटरच्या खाचांमध्ये तार बसवत होती. दस्तगीरचा उजवा हात मनगटापासून थोडा वाकडा राहिला होता. निलोफर आठवीत असताना तो एका यंत्राच्या पट्ट्यात सापडला होता. त्या साऱ्या सत्रात दुकान निलोफरनं चालवलं होतं. शाळेत ती जेमतेम आली आणि तिला गणितात अठ्ठावीस पडले. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. अठ्ठावीस म्हणजे चाळीसच्या खाली, म्हणून नाव लिहिलं होतं.

"बसा सर," दस्तगीर म्हणाला. त्यानं स्टूल पुसून दिलं. मोटर उघडून पाहिली, नाक जवळ नेऊन वास घेतला. "पार गेलीया. भरून देतो दोन दिवसांत." मग तार गुंडाळत, माझ्याकडं न बघता म्हणाला, "पोरगी काय तरी म्हणत व्हती. तिच्या गणिताचं."

"बोलायचं आहे मुख्याध्यापकांशी."

"सर, तुमी आमच्या घरी आलतासा. कागद आणलासा. मी इचारलं, ह्ये काय हाय? तुमी म्हणलासा, सोपं गणित हाय, पोरगी पास हुईल. मी सही केली."

"हो."

"म्या इचाराय पायजे व्हतं, सोपं हाय तर मग सगळ्यांना का देत न्हाई."

 निलोफर मान खाली घालून तार बसवत होती. जरा वेळानं मी तिला विचारलं, "खाचा किती आहेत ह्याला?"

"चोवीस."

"मग दोन खाचांमध्ये कोन किती?"

तिनं मोटरच्या त्या गोल तोंडाकडं पाहिलं. "पूर्ण गोल तीनशे साठ. पंधरा."

"हे कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाई. दिसतंय की."

दुसऱ्या दिवशी मी शिंत्रे सरांकडे गेलो.

शिंत्रे सरांबद्दल एक सांगायला हवं. ते निकालासाठी हपापलेले होते असं गावात लोक म्हणायचे, आणि थोडं खरंही होतं. पण मी विषय काढला तेव्हा ते फलकाबद्दल काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मगदूम, माझी थोरली बहीण दहावीला तीनदा बसली. तिन्ही वेळा गणितात गेली. तिसरा निकाल लागला आणि महिन्याच्या आत वडलांनी तिचं लग्न लावलं. नवरा बघितला नाही, घर बघितलं नाही. नापास पोरगी घरात ठेवून काय करायचं, म्हणाले. तू पुण्याकोल्हापूरच्या पोरींचं बोलतोयस. इथं पोरगी दहावी पास झाली तर दोन वर्षं मिळतात तिला. नापास झाली तर दोन महिने मिळत नाहीत."

"तिचा बाप तसा नाही."

"नापास होईपर्यंत कुणाचाच बाप तसा नसतो."

शेवटी त्यांनी एक अट घातली. बोर्डाचे फॉर्म दिवाळीच्या सुमाराला भरायचे होते. तोवर विषय बदलणं आमच्या हातात होतं. तोपर्यंत मी तिला शिकवावं. मग शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाकडून पेपर काढून घ्यायचा आणि तपासायचाही त्यानंच. त्यात ती पास झाली तर नाव बदलायचं.

"आणि एक ऐक," ते म्हणाले. "एकच. दुसरं नाव माझ्या टेबलावर आणायचं नाही. एक पोरगी बुडाली तर मी सांभाळून घेईन. सतरा बुडवायला मी बसलेलो नाही."

"नाही आणणार," मी म्हणालो. लगेच म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठ ते दहा प्रयोगशाळेत शिकवणी सुरू झाली. भूमिती तिला पटकन यायची. वर्तुळ, जीवा, स्पर्शिका तिनं आधीच हाताळलेल्या असाव्यात असं वाटायचं. प्रमेयाची सिद्धता लिहायला मात्र कंटाळायची. "खरं हाय हे दिसतंय, मग परत का लिहायचं?" असं विचारायची. मी म्हणायचो, परीक्षकाला दिसत नाही म्हणून. बीजगणित तिच्या अंगावर यायचं. आकडा असला की ठीक, एक्स आला की हात थांबायचा. "ह्यो एक्स म्हणजे किती?" "तेच तर काढायचंय." "काढायच्या आधी त्याला गुणायचं कसं?" ह्या प्रश्नावर आमचे तीन दिवस गेले. पंधरा वर्षं शिकवत होतो, पण एवढा साधा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. विचारला असेल तर मी ऐकला नव्हता.

तिनं शिकवणी एकदाही चुकवली नाही. गौरी-गणपतीत मोटरींची कामं वाढली तेव्हा ती हाताला वार्निश लागलेलं तशीच यायची. वहीच्या पानांवर तपकिरी बोटं उठायची.

ऑक्टोबरच्या शेवटी पेपर झाला. बीजगणितात पंचाहत्तरपैकी अकरा, भूमितीत तेहतीस. दोन्ही मिळून पास व्हायला नऊ गुण कमी.

शिंत्रे सरांनी कागद माझ्यापुढं सरकवला. "झालं?"

"तीन महिन्यांत शून्यावरून चव्वेचाळीसवर आली, सर. अजून चार महिने आहेत."

"आपलं काय ठरलं होतं?"

"पास झाली तर."

"मग?"

मी म्हणालो, "आठवीला तिचा बाप दवाखान्यात होता आणि ती दुकानात होती. मला माहीत होतं. तरी मी तिचं नाव लिहिलं. तिला गणित येत नाही म्हणून नाही लिहिलं. चाळीसच्या खाली होती म्हणून लिहिलं."

त्यांनी पेपर परत आपल्याकडं ओढला. मग म्हणाले, "बापाला घेऊन ये. लेखी द्यायला सांग, की नापास झाली तर शाळा जबाबदार नाही."

संध्याकाळी शाळा सुटल्यावर दस्तगीर आला. बरोबर निलोफर. शिंत्रे सरांनी मजकूर आधीच लिहून ठेवला होता. पालक स्वखुशीने विषय बदलून घेत असून निकालाची संपूर्ण जबाबदारी त्यांची राहील, असं काहीतरी. दस्तगीरनं तो निलोफरला मोठ्यानं वाचायला लावला. तिनं वाचला.

"सही करतो," तो म्हणाला. "पण सर, तवाच्या कागदावर बी माझीच सही हाय. ह्याच्यावर बी माझीच. म्हणजे तवा चुकलं ते बी माझं आणि उद्या चुकलं तर ते बी माझंच. शाळेची सही कुठं असती?"

शिंत्रे सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी कागद ओढून घेतला, दस्तगीरच्या नावाखाली माझं नाव लिहिलं, पुढं 'विषयशिक्षक' लिहिलं आणि सही केली. शिंत्रे सर म्हणाले, "ह्याची गरज नव्हती." पण त्यांनी तो कागद फाडला नाही. फाइलला लावला आणि तिच्या फॉर्मवर सामान्य गणित खोडून शिक्का मारून सही केली.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर दस्तगीरनं माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याचा वाकडा हात खरखरीत होता. निलोफर म्हणाली, "उद्या आठला येऊ न्हवं, सर?"

मार्चमध्ये परीक्षा झाली. जूनमध्ये निकाल लागला. आमच्या शाळेची बेचाळीस मुलं पास झाली आणि एक नापास. गणितात सात गुण कमी.

स्टँडवर त्या वर्षी फलक लागला नाही. संस्थेच्या बैठकीत शिंत्रे सरांना विचारलं गेलं, हे एक नाव कुठून आलं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही हे मला नंतर कळलं. ते एवढंच म्हणाले, की फॉर्मवर मुख्याध्यापकाची सही आहे.

मी चार दिवस स्टँडच्या बाजूला फिरकलो नाही. पाचव्या दिवशी गेलो. दुकानात दस्तगीर नव्हता. निलोफर एकटीच होती. मला वाटलं ती रडेल किंवा तोंड फिरवेल. तिनं स्टूल पुसलं.

"चहा सांगू?"

"नको. निलोफर, अकरावी आर्ट्सला घेतील तुला. एका विषयात राहिली तरी प्रवेश मिळतो. ऑक्टोबरला गणित काढलंस तर..."

"आर्ट्सला जाऊन काय करू?" ती म्हणाली. "सात मार्क कुठं गेले ते मी बसून काढलंय. तीन वर्गसमीकरणात गेले. सूत्र बरोबर, चिन्ह चुकलं. चार सिद्धतेत. कारणं लिहिली न्हाईत म्हणून." तिनं खिळ्याला अडकवलेली प्रश्नपत्रिका काढून दाखवली. प्रत्येक प्रश्नापुढं पेन्सिलीनं खुणा होत्या. "आता लिहीन कारणं."

"घरचे काय म्हणतात?"

"मामू आलता स्थळ घेऊन. अब्बा म्हणाले, ऑक्टोबर झाल्यावर बघू. ऑक्टोबर झाल्यावर म्हणतील, जून झाल्यावर बघू." ती हसली. निकालानंतर तिला मी पहिल्यांदा हसताना पाहिलं.

ऑक्टोबरला ती पास झाली. काठावर नव्हे, चांगली. पुढच्या जूनला डिप्लोमाला लागली. तीन वर्षांचा डिप्लोमा चार वर्षांत केला, कारण दुसऱ्या वर्षी गणितातच एक पेपर राहिला. आता ती कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या एका कारखान्यात आहे, हाताखाली चौघं आहेत. बकरी ईदला फोन येतो. शिंत्रे सर निवृत्त झाले तेव्हा ती निरोपसमारंभाला आली होती. त्यांनी सगळ्यांदेखत तिला जवळ बोलावून बसवलं.

इथपर्यंतची गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात सांगितली, दोन सत्कारांत सांगितली. तो कागद, त्यावरची माझी सही, सात गुण, हे सगळं लोकांना आवडतं. पुढं सामान्य गणितच बंद झालं, तेव्हा तर एका वर्तमानपत्रवाल्यानं फोन करून ती लिहून घेतली. पण त्यातला एक भाग मी कुठंच सांगितलेला नाही.

शिंत्रे सरांनी निलोफरच्या फॉर्मवर सही केली त्या संध्याकाळी ती आणि दस्तगीर फाटकाबाहेर गेले. सगळ्या फॉर्मचा गठ्ठा माझ्या पिशवीत होता. फॉर्म रात्री घरी याद्यांशी ताडून बघायचे आणि दुसऱ्या दिवशी शिपाई तुकाराममामाकडून बोर्डाला पाठवायचे, असं ठरलं होतं. मी व्हरांड्यातून निघालो, तर प्रयोगशाळेच्या पायरीवर वंदना कुराडे बसली होती.

वंदना कुराडे, धनगरवाड्यावरची. सतरांतली एक. आठवीला तिला गणितात अडतीस होते. वर्गात ती कधी बोलायची नाही. मला तिचा आवाज नीट आठवतही नव्हता. मला पाहून ती उठून उभी राहिली.

"सर, निलोफरचं बदललं व्हय?"

"हो."

"माझं बी बदलता येईल काय?"

मी थांबलो. ती एका दमात बोलली, घरून पाठ करून आल्यासारखं. "आमची गाडी सकाळी पावणेआठलाच येती, सर. मी रोज हितं पायरीवर बसती. तुमी शिकवतासा ते ऐकू येतंय. वर्गसमीकरण मला येतंय थोडं. वहीत केल्यात मी." आणि तिनं वही पुढं केली.

मी वही घेतली नाही. ती घेतली असती तर बघावी लागली असती. बघितली असती आणि त्यात खरंच काही असतं, तर शिंत्रे सरांच्या दारात परत जावं लागलं असतं. आत्ताच तिथून बाहेर आलो होतो. एकच, असं मी कबूल केलं होतं. पाठ दुखत होती, सहा वाजून गेले होते.

"फॉर्म गेले, वंदना," मी म्हणालो. "मघाशीच गेले."

पिशवी माझ्या खांद्याला होती.

"बरं सर," ती म्हणाली, आणि वही दप्तरात घालून फाटकाकडं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला निलोफर आली. पायरीवर कुणी नव्हतं. नंतरही वंदना तिथं बसली नाही. मार्चमध्ये वंदना पास झाली, सामान्य गणितात तिला वर्गात सर्वांत जास्त गुण होते. मी तिला शाबासकी दिली. पुढं तिचं काय झालं मला ठाऊक नव्हतं, आणि मी चौकशी केली नाही.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत, रविवारी सकाळी, आमच्या दाराची कडी वाजली. मी आता गडहिंग्लजला राहतो. दारात आशाताई होती, आरोग्य खात्याची. खांद्याला पिशवी, हातात जाड रजिस्टर. तिशीवरच्या सगळ्यांचा रक्तदाब आणि साखरेची नोंद चालू होती. मी नाव सांगायच्या आधीच ती म्हणाली, "मगदूम सर न्हवं?"

मी ओळखलं नाही. तिनंच नाव सांगितलं, वंदना कुराडे. सासर आमच्याच गल्लीच्या पलीकडं होतं. मुलगा पहिलीत होता.

ती आत आली, खुर्चीवर बसली. माझ्या बायकोनं पाणी दिलं. वंदनानं रजिस्टर मांडीवर उघडून माझं वय, वजन, आजार एकेक विचारून लिहिलं. अक्षर सुरेख होतं. उंची आणि वजन लिहिल्यावर तिनं शेजारच्या रकान्यात भागाकार करून उत्तर लिहिलं. तोंडानं पुटपुटली नाही, मोबाइल काढला नाही.

"छान करतेस," मी म्हणालो.

"रोजचंच हाय." तिनं दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा येईपर्यंत थांबली, लिहिला. मग पट्टा सोडवता सोडवता म्हणाली, "सर, तवा फॉर्म गेलं नव्हतं न्हवं?"

मी वर केलेली बाही खाली ओढली.

"तुकाराममामांनी सांगिटलं मला दुसऱ्या दिशी. घरी जाताना गठ्ठा घेऊन ते आमच्याच गाडीत बसलं व्हतं. म्हणाले, आज बोर्डाचं काम हाय."

"मग तू परत का आली नाहीस माझ्याकडं? वेळ होता. गाडीतून उतरून परत आली असतीस तरी..."

"तुमी न्हाई म्हणलासा की," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. लहान मुलाला समजावून सांगावं तसं ती सांगत होती. "मला वाटलं, सरांना ठावं असंल. मला जमायचं न्हाई हे तोंडावर कसं सांगायचं, म्हणून फॉर्म गेलं म्हणत असतील. मी वही ठेवून दिली."

तुला जमलं असतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही माहीत नाही. मी वही बघितलीच नव्हती.

"तसं नव्हतं, वंदना," मी म्हणालो. "तुझ्याबद्दल मी काही विचारच केला नव्हता. मला कंटाळा आला होता. मी खोटं बोललो."

तिनं रजिस्टरमधून मान वर केली. माझ्याकडं पाहिलं. काय वाटलं तिला, हे मला सांगता येणार नाही. तिच्या चेहऱ्यावर दुःख दिसलं नाही. हिशेब बारा वर्षं एका उत्तराला धरून केला होता आणि आता ते उत्तरच चुकीचं निघालं, तसं काहीतरी ती बघत होती.

"व्हय," ती म्हणाली. मग पान उलटलं, पेनचं टोपण काढलं आणि आतल्या खोलीकडं बघून विचारलं, "घरात अजून कोण तिशीच्या वरचं हाय?"